नागीण येते कुठून?

मुलांनो, 'नागीण' हा शब्द तुम्ही नक्की ऐकला असेल. वारुळातली नव्हे, अंगावर उठते ती नागीण! एखाद्या आजोबांच्या पाठीपासून बरगडीवरून थेट पोटापर्यंत लालसर पट्टा उमटतो. त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे झुबके येतात. आग आग होते, सुया टोचल्यासारखं दुखतं, सदऱ्याचा स्पर्शसुद्धा नकोसा वाटतो. मग घरात कुजबुज सुरू होते. आपल्या वाशीम जिल्ह्यात रिसोड, मानोरा, कारंजा, कुठल्याही बाजूच्या गावात जा आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. कुणीतरी मान हलवून सांगेलच, "नागिनीचं तोंड अन् शेपूट भेटलं, का मानूस काई वाचत नाही, बाबू!"

हे ऐकून आजारी माणूस अर्धा तर भीतीनेच खचतो. कुणी गेरूचा लेप सुचवतं, कुणी मंत्र टाकणाऱ्याला बोलावतं. यात तीन-चार दिवस सहज निघून जातात. आणि वाईट गोष्ट अशी की, औषधासाठी सगळ्यात मोलाचे असतात ते नेमके पहिले तीन दिवस! ते का, हे आपण पुढे बघूच. आधी तीन प्रश्न मनात धरून ठेवा. ही नागीण येते कुठून? ती अंगाच्या एकाच बाजूला का उठते? आणि तिचं तोंड-शेपूट खरंच जुळतं का?

एका डॉक्टरांची वही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात मोठा वाटा होता एका साध्या गावातल्या डॉक्टरांचा. त्यांचं नाव एडगर होप-सिम्पसन. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या छोट्या गावात त्यांचा दवाखाना होता. आसपासची साडेतीन हजारांच्या घरातली माणसं त्यांच्याकडे औषधाला येत. हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती एक चांगली सवय. आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ते ठेवत. सोळा वर्षांत त्यांच्या नोंदींत नागिणीचे १९२ रुग्ण जमा झाले.

त्या नोंदी चाळताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. कांजिण्यांची साथ यायची आणि ओसरायची. नागिणीचं तसं नव्हतं. ती वर्षाच्या कुठल्याही महिन्यात एखाद-दुसऱ्यालाच गाठायची. दहा वर्षांखालच्या मुलांत वर्षाला हजारात एकालाही ती होत नसे. ऐंशीच्या घरातल्या माणसांत मात्र हजारात सुमारे दहा जणांना होई.

आता तुम्हीच विचार करा. नागीण जर बाहेरून येत असती, तर ती सर्दीसारखी शाळेत आधी पसरली असती. पण ती तर म्हातारपणी, एकेकट्याला होते. मग ती बाहेरून कशाला यायला हवी? ती आतच असली पाहिजे!

१९६५ साली होप-सिम्पसन यांनी आपलं म्हणणं जाहीर केलं. लहानपणी कांजिण्या झाल्या की फोड सुकतात, खपल्या पडतात, आपण म्हणतो 'बरं झालं'. पण कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जातच नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी लपून बसतो, वर्षानुवर्षे. पुढे कधीतरी शरीराचा पहारा ढिला पडला की तोच पुन्हा बाहेर येतो. ती नागीण. त्याआधी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या थॉमस वेलर यांनी कांजिण्यांच्या आणि नागिणीच्या फोडांतले विषाणू वाढवून दोन्ही एकच असल्याचं दाखवलं होतं. पुढे १९८४ मध्ये एकाच माणसाच्या कांजिण्या आणि नागीण यांतल्या विषाणूंचा डीएनए ताडून पाहिला गेला, तोही जुळला.

म्हणजे आजोबांची नागीण ही कुणाचा शाप नाही, करणी नाही. आजोबांच्याच लहानपणच्या कांजिण्यांची ती पुरवणी आहे!

सर्प, विसर्प आणि हर्पीस

या विषाणूच्या घराण्याचं नाव आहे 'हर्पीस'. हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ सरपटणं. भाषातज्ज्ञ सांगतात की ग्रीकमधला हा शब्द आणि संस्कृतातला 'सर्प' हे दोन्ही एकाच फार जुन्या शब्दापासून निघाले. आयुर्वेदात अंगावर पसरत जाणाऱ्या विकाराला 'विसर्प' म्हटलंय, तेही याच कुळातलं. आपल्या आजीने 'नागीण' म्हटलं, ग्रीकांनी 'हर्पीस' म्हटलं. दोघांनाही कातडीवर सरपटणारं काहीतरी दिसलं. आहे की नाही गंमत!

या घराण्यातले नऊ विषाणू माणसाच्या अंगात मुक्काम करतात. कांजिण्या आणि नागीण देणारा आहे 'व्हॅरिसेला-झोस्टर'. 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. त्याचा भाऊ 'हर्पीस सिम्प्लेक्स'. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका येतो ना, ती त्याची करामत. हा तर इतका पसरलेला आहे की जगात पन्नास वर्षांखालच्या दर तीन माणसांपैकी सुमारे दोघांच्या अंगात तो असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

या साऱ्या घराण्याची एकच खोड: एकदा आले की जन्मभर राहायचं. पण राहायचं तर कसं? त्याची खरी गोष्ट इथून पुढे आहे.

घर नाही, चूल नाही

विषाणू केवढा असतो ठाऊक आहे? पट्टीवरचा एक मिलिमीटर बघा. तेवढ्या जागेत हर्पीसचे पाच हजार विषाणू एका रांगेत उभे राहतील. प्रत्येकाच्या पोटात डीएनएची एक लांब दोरी. तिच्याभोवती वीस बाजूंची पेटी, पेटीभोवती काही प्रथिनांचा थर, आणि सगळ्यात बाहेर तेलकट पातळ आवरण. त्या आवरणातून आकडे बाहेर आलेले असतात. झाला विषाणू!

कांजिण्यांच्या विषाणूच्या डीएनएत सुमारे ७० जनुकं असतात. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची कृती. माणसाकडे अशा जवळजवळ २०,००० कृती आहेत. शिवाय आपल्या पेशींत प्रथिनं बनवणारे कारखाने आहेत, वाहतूक आहे, पहारेकरी आहेत. विषाणूकडे यातलं काहीच नाही. ना घर, ना चूल. तो एकटा असला तर धुळीच्या कणासारखा पडून राहील आणि नष्ट होईल.

प्रथिनं म्हटलं की तुम्हाला तुरीचं वरण किंवा सोयाबीन आठवत असेल. बरोबर आहे. पण डाळीतली प्रथिनं पोटात गेली की त्यांचे मणी सुटे होतात, आणि शरीर त्या मण्यांपासून स्वतःची हजारो प्रकारची प्रथिनं ओवतं. ही प्रथिनं पेशीतली कामकरी मंडळी. कुणी दार सांभाळतं, कुणी ओझी वाहतं, कुणी हुकूम वाचून दाखवतं, कुणी गस्त घालतं. पेशी हे जर एक गाव मानलं, तर प्रथिनं म्हणजे त्या गावातली माणसं. आणि आपला पाहुणा नेमका या माणसांनाच फितवतो.

ओठांवरच्या विषाणूचा, म्हणजे हर्पीस सिम्प्लेक्सचा, अभ्यास सगळ्यात जास्त झालाय. म्हणून त्याचं बोट धरून आपण गावात शिरू. घराण्यातल्या बाकीच्यांच्या युक्त्या थोड्याफार वेगळ्या असल्या, तरी कावा तोच.

वेशीवर हातमिळवणी

पेशीच्या बाहेर साखरेच्या लांबट साखळ्या गवतासारख्या डुलत असतात. विषाणूचे आकडे आधी त्यांत अडकतात. मग तो शोधतो 'नेक्टिन' नावाचं प्रथिन. नेक्टिनचं खरं काम मोठं चांगलं आहे. शेजारशेजारच्या पेशींची नेक्टिनं एकमेकांचा हात धरतात, म्हणून तर आपली कातडी एकसंध राहते. विषाणू आपला आकडा पुढे करतो, नेक्टिन शेजारी समजून तो धरतं. झालं! विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि आतली पेटी गावात दाखल होते. दार फोडावं लागलं नाही. ओळखीच्या हाताने ते उघडलं.

फुकटची गाडी

आता जायचंय केंद्रकात. केंद्रक म्हणजे या गावाची चावडी. गावाचं सारं दप्तर, म्हणजे आपला डीएनए, तिथे असतो. पण पेशीच्या आत मोकळं पाणी नसतं. तिथे इतकी दाटी असते की पेटी नुसती तरंगत निघाली तर पोचायचीच नाही. मज्जातंतूच्या आत केवळ तरंगत एक सेंटिमीटर जायला या पेटीला २०० हून अधिक वर्षं लागतील, असा शास्त्रज्ञांनी हिशेब केलाय!

मग विषाणू काय करतो? गाडी पकडतो. आपल्या पेशींत बारीक रुळांचं जाळं असतं आणि त्यावरून 'डायनिन' नावाची प्रथिनं ओझी घेऊन आतल्या दिशेने चालतात. अगदी पाय टाकत चालल्यासारखी. विषाणूची पेटी डायनिनला चिकटते आणि निघते फुकट. बाहेर येताना उलट दिशेच्या गाड्या असतात, त्यांचं नाव 'कायनेसिन'.

एक गणित करून पाहा. ही गाडी सेकंदाला एक मायक्रॉन चालते असं धरू. एक सेंटिमीटर म्हणजे १०,००० मायक्रॉन. किती वेळ लागेल? दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. दोनशे वर्षांचं काम दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत उरकलं! याच वेगाने बोटाच्या टोकापासून पाठीच्या कण्यापर्यंतचा अर्धा मीटर जायला लागतील सहा दिवसांहून थोडे कमीच. हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

चावडीतला खोटा हुकूम

पेटी केंद्रकाच्या दाराशी थांबते आणि आपला डीएनए आत सोडते. पण नुसता कागद आत टाकून काय उपयोग? तो कुणीतरी वाचायला हवा ना! यासाठी विषाणू एक प्रथिन बरोबरच घेऊन आलेला असतो. ते आपल्या दोन प्रथिनांना गाठतं. एकाचं नाव 'ऑक्ट-वन', दुसऱ्याचं 'एचसीएफ-वन'. एरवी ही दोघं आपल्याच जनुकांच्या वाचनात मदत करतात. तिघांनी मिळून विषाणूच्या डीएनएवर बैठक मांडली की पेशीची वाचणारी यंत्रणा तिकडे वळते. विषाणूचा खोटा हुकूम गावाच्या शिक्क्याने निघतो.

यात एक गमतीची गोष्ट. 'एचसीएफ' या नावाचा अर्थच 'यजमान पेशीतला घटक' असा आहे. शास्त्रज्ञ विषाणूचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांना आपल्याच पेशीतलं हे प्रथिन सापडलं. ते आपल्या पेशींच्या वाढीसाठी किती महत्त्वाचं आहे, ते त्यानंतर कळलं. चोराचा माग काढताना आपल्याच घरातली एक खोली सापडावी, तसं झालं.

दवंडीवाल्याचं तोंड बंद

मग आपली रोगप्रतिकारशक्ती काय झोपलेली असते? मुळीच नाही. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून बाहेरच्या अंगाला मांडून ठेवते. गस्तीवरच्या पांढऱ्या पेशी ते बघत फिरतात. ओळखीचा तुकडा दिसला तर पुढे जातात. परका दिसला तर त्या पेशीलाच संपवतात, म्हणजे आतला विषाणूही संपतो. ही झाली गावाची दवंडी.

हे तुकडे मांडायच्या जागी नेणारी एक नळी असते. तिचं नाव 'टॅप'. ओठांवरच्या विषाणूकडे जेमतेम ८८ मण्यांचं एक लहानसं प्रथिन आहे. ते जाऊन टॅपमध्ये बुचासारखं बसतं. तुकडे बाहेर जातच नाहीत आणि दवंडी पिटलीच जात नाही. आणखी एक नवल. हेच बूच उंदराच्या टॅपमध्ये नीट बसत नाही. माणसाच्या टॅपमध्ये मात्र अगदी घट्ट! हा विषाणू माणसाबरोबर लाखो वर्षं राहतोय. आपल्या कुलपाच्या मापाने त्याने किल्ली घासून घेतली आहे.

पुण्यात सापडलेली ढाल

या घराण्याची अशीच एक चलाखी आपल्या महाराष्ट्रातल्या शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवली, बरं का! पुण्याला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र ही संस्था आहे. 'कोशिका' म्हणजे पेशीच. तिथे डॉ. अरविंद साहू आणि त्यांचे सहकारी घराण्यातल्या एका वेगळ्या विषाणूवर काम करत होते. हा विषाणू १९९४ मध्ये अमेरिकेत सापडला. काही रुग्णांत तो एका प्रकारच्या कर्करोगाला कारण होतो.

आपल्या रक्तात 'पूरक प्रथिनं' असतात. परका जंतू दिसला की ती त्याला चिकटतात आणि खूण करतात, 'हा शत्रू!' मग त्याच्या आवरणाला भोकंही पाडतात. पण चुकून ती आपल्याच पेशींवर बसली तर? म्हणून आपल्या पेशींवर ढाली असतात. त्या ढालींच्या मदतीने रक्तातलं आणखी एक प्रथिन कात्रीसारखं पुढे येतं आणि चिकटलेलं पूरक प्रथिन कापून निकामी करतं.

२००३ मध्ये पुण्याच्या या गटाने दाखवून दिलं की त्या विषाणूकडेही अगदी आपल्यासारखीच ढाल आहे. आपल्या ढालींसारखीच एकापुढे एक ओवलेल्या चार मोठ्या मण्यांची. ती आपलीच कात्री वापरते आणि पूरक प्रथिनांना कापून टाकते. या ढालीला त्यांनी नाव दिलं 'कपोसिका'. बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं की फार फार पूर्वी या विषाणूंच्या पूर्वजांनी आपल्यासारख्या प्राण्यांच्या डीएनएतून ही कृतीच उचलून नेली असावी. गावकऱ्याचाच सदरा घालून चोर गावात फिरला, तर त्याला ओळखणार कोण?

पट्टा एकाच बाजूला का?

आता चला पुन्हा नागिणीकडे. कांजिण्यांच्या वेळी विषाणू कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो. आत गेल्यावर? बरोबर, फुकटची गाडी! तो पाठीच्या कण्याजवळ पोचतो. तिथे मज्जापेशींच्या लहान लहान गाठी असतात. रक्तातूनही तो तिथवर जाऊ शकतो. या गाठींत तो स्वस्थ पडून राहतो. ना हुकूम काढतो, ना पेटी बांधतो. म्हणून पहारेकऱ्यांना दिसत नाही.

तो गप्प का बसतो, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. पण ओठांवरच्या विषाणूबद्दल उंदरांवरच्या प्रयोगांत एक धागा मिळाला. मघाचं ते 'एचसीएफ-वन' आठवतंय ना? स्पर्श, वेदना कळवणाऱ्या मज्जापेशींत ते एरवी केंद्रकाच्या बाहेरच असतं. चावडीत हुकूम वाचायला माणूसच नाही! विषाणूला जागं करणारी परिस्थिती आली की ते केंद्रकात शिरताना दिसलं. म्हणजे पाहुण्याची झोप आणि जागही आपल्याच प्रथिनांच्या हातात असते.

वय वाढलं, मोठं आजारपण आलं किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असली की पहारा ढिला पडतो. मग बहुधा एकाच गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या गाठीतून निघणाऱ्या मज्जातंतूने परत कातडीकडे येतो. आपल्या कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. जोडीतला एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. प्रत्येकाने कातडीचा एकेक पट्टा वाटून घेतलेला. डावा तंतू पाठीपासून निघून छाती-पोटाच्या मध्यरेषेपर्यंत येतो. बस, तिथे त्याची हद्द संपते.

म्हणूनच नागीण एका बाजूला उठते आणि मध्यावर थांबते. तिचं तोंड आणि शेपूट सहसा भेटतच नाहीत. जिथे तंतूच नाही तिथे गाडी जाणार कशी? ज्यांची प्रतिकारशक्ती फारच कमी झाली आहे, अशा थोड्या रुग्णांत फोड अंगभर पसरू शकतात. तेव्हा धोका असतो तो विळख्याचा नव्हे, विषाणू सर्वत्र पसरण्याचा. अशा रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यायला हवं.

आणि मंत्राने नागीण 'उतरते' ती कशी? साधं आहे. फोड आपोआप सुकायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्या काळात मंत्र टाकला, लेप लावला किंवा काहीच केलं नाही, तरी ते सुकणारच. श्रेय मात्र मंत्राला जातं! काही जणांच्या बाबतीत फोड सुकूनही वेदना महिनोन्‌महिने राहते. तिथे मंत्र काही करत नाही.

चोराच्या हातूनच सापळा

विषाणू आपली प्रथिनं वापरतो म्हणून त्याला मारणं अवघड असतं. त्याच्यावर फेकलेला दगड आपल्याच माणसाला लागायचा! ही अडचण सोडवली अमेरिकेतल्या गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. एलियनबाईंना 'प्रयोगशाळेत बाई कशाला' म्हणून सुरुवातीला नोकरी मिळत नव्हती. त्यांना १९८८ चं नोबेल पारितोषिक दोन शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. त्यांच्या गटात तयार झालेलं औषध म्हणजे 'अॅसायक्लोव्हिर'.

हे औषध पेशीत शिरतं तेव्हा निरुपद्रवी असतं. ते कामाला लागायला त्यावर तीन शिक्के बसावे लागतात. पहिला शिक्का मारणारं प्रथिन असतं विषाणूचं. आपली निरोगी पेशी तो जवळजवळ मारतच नाही. पहिला बसला की दुसरा आणि तिसरा मात्र आपल्याच पेशीतली प्रथिनं मारतात. मग ते औषध डीएनएच्या दोरीतला खोटा मणी बनतं. विषाणू आपल्या डीएनएची नक्कल ओवू लागला की हा मणी मध्येच जाऊन बसतो. त्याला पुढचा मणी अडकवायला जागाच नसते. दोरी तिथेच तुटते.

पाहिलंत? जिथे विषाणू आहे त्याच पेशीत सापळा लागतो, आणि तो लावायला विषाणूच हात देतो. आयुष्यभर दुसऱ्याची माणसं फितवणारा इथे स्वतः फसतो!

आता पहिल्या तीन दिवसांचं मोल तुम्हाला कळेल. हे औषध नक्कल थांबवतं. झालेलं नुकसान भरून काढत नाही. विषाणूची नक्कल सुरुवातीच्या दिवसांत जोरात चालते. म्हणून पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर फायदा सर्वात जास्त. हे औषध आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. किती घ्यायचं, कुणी घ्यायचं, हे मात्र डॉक्टरच ठरवतील. उशीर झाला तरी दवाखान्यात जायचंच. आणि फोड डोळ्याजवळ, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी जायचं, कारण दृष्टीला धोका असतो.

घरच्यांसाठी चार गोष्टी

आईबाबांना हा भाग मोठ्याने वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, कांजिण्या. आपल्याकडे हिवाळा संपताना आणि उन्हाळ्याच्या तोंडी त्या जास्त दिसतात, म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत! लागण झाल्यापासून १० ते २१ दिवसांनी फोड दिसतात. फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत हा आजार दुसऱ्याला लागतो. तोवर शाळा नको, पेपर असला तरी. घरी 'माता आली' म्हणून कडुनिंबाचा डहाळा लावला तर लावू द्या, पण डॉक्टरांनाही दाखवा. आंघोळ चालते. नखं कापा. आणि तापासाठी मुलांना अॅस्पिरिनची गोळी कधीही देऊ नका. कांजिण्यांत त्याने मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

दुसरी गोष्ट. आजी-आजोबा ज्या 'देवी'ची आठवण सांगतात तो रोग वेगळा, विषाणूही वेगळा. देवीचा रोग १९८० मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. कांजिण्या म्हणजे देवी नव्हेत.

तिसरी गोष्ट. नागीण झालेल्या आजोबांकडून नातवाला नागीण लागत नाही. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकून ठेवायचे. तान्हं बाळ आणि कांजिण्या न झालेली गरोदर बाई यांनी थोडे दिवस जपायचं. आजोबांना वाळीत टाकायचं मात्र नाही. त्यांच्याजवळ बसा, गप्पा मारा. दुखण्यात सोबत लागतेच.

चौथी गोष्ट, लस. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांचा स्वतःचा मुलगा कांजिण्यांनी फार आजारी पडला होता. त्यांनीच १९७४ मध्ये कांजिण्यांची लस तयार केली. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ तिचे दोन डोस सुचवतात. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची वेगळी लस भारतात २०२३ पासून मिळते. तिच्यात आख्खा विषाणू नसतो, त्याच्या आवरणावरचा एक आकडा तेवढा असतो. पहारेकऱ्यांना चोराचा हात आधीच ओळखून ठेवायला शिकवायचं, एवढंच तिचं काम. ती महाग आहे, म्हणून कुणाला गरज आहे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता तुमची वही

होप-सिम्पसन यांच्याकडे होती तशी एक वही तुम्हीही करा. शंभर पानी चालेल. घरातल्या आणि शेजारच्या पाच घरांतल्या मोठ्या माणसांना विचारा: कांजिण्या कोणत्या वर्षी झाल्या? तेव्हा वय काय होतं? त्या घरात आणखी कुणाला झाल्या? पुढे नागीण झाली का? कुठल्या बाजूला? मध्यरेषा ओलांडली का? पहिल्या दिवशी कुणाकडे गेलात, मंत्रवाल्याकडे की दवाखान्यात? वेदना किती दिवस राहिली? नावं लिहू नका. घर क्रमांक एक, दोन, तीन एवढंच लिहा. कुणाचं आजारपण चव्हाट्यावर आणायचं नसतं.

मग एक तक्ता करा आणि विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना दाखवा. 'तोंड-शेपूट भेटली' असं किती जणांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि किती जणांनी नुसतं ऐकलं, हे दोन रकाने वेगळे ठेवायला विसरू नका. आणि विचारत फिरताना कुणाच्या घरी पट्ट्यासारखं ताजं पुरळ दिसलं, तर वही बाजूला ठेवा आणि आधी एवढंच सांगा, "काका, आजच दवाखान्यात जा. तीन दिवसांच्या आत."